भिंतीपलीकडचा खोकला

वच्छला : ही डाळ रोज अशीच घट्ट असते, की आज माझ्यासाठी?

स्वामी : तुम्ही येणार हे मला तुमची जीप फाटकात उभी राहिली तेव्हा कळलं, बाई. तोवर डाळ शिजून खाली उतरली होती. पळी तळापर्यंत घालून बघा की.

वच्छला : घातली. राग मानू नका, स्वामी. कळवून गेलं की सगळीकडे नव्या चादरी दिसतात आणि शिरा मिळतो. वृद्धाश्रम तपासायचा तर तो रोजच्या कपड्यांत बघावा लागतो.

स्वामी : बघा, बघा. सगळं उघडंच आहे. सोलापुरात पहिल्यांदाच का तुम्ही?

वच्छला : हो. हे काम खात्यानं मला यंदाच दिलंय. याआधी लहान मुलांच्या संस्था बघत होते. हे छोटं पातेलं कसलं?

स्वामी : दात नसलेल्यांचं. भाकरी कुस्करून दुधात भिजत घालतो. आधी आमटीत कुस्करायचो, पण आमची आमटी म्हणजे सोलापूरची. एकदोघांचं तोंड आलं. मग बंद केलं.

वच्छला : डॉक्टरांनी सांगितलं?

स्वामी : डॉक्टर कशाला पाहिजे त्याला? माझी आई शेवटी शेवटी असंच खायची.

वच्छला : बरं. आता माणसं बघू. त्या कोपऱ्यातल्या आजोबांना जरा कुशीवर कराल? पाठ बघायचीय मला त्यांची.

स्वामी : ज्ञानबा, ए ज्ञानबा! पुण्याच्या बाई आल्यात. जरा वळायचं का? हां, असं. हळू. बघा, बाई.

वच्छला : किती दिवस झोपून आहेत?

स्वामी : दिवस कुठले, वर्ष होऊन गेलं. अर्धांग गेलंय.

वच्छला : आणि पाठीवर एक व्रण नाही?

स्वामी : बिरदेव म्हणून सेवक आहे आमचा. तो कूस बदलत राहतो, पावडर लावतो. हातात ताकद आहे आणि तोंडानं फार बोलत नाही. ज्ञानबाला बरा पडतो.

वच्छला : स्वामी, मागच्या महिन्यात मी एका आश्रमात गेले होते. गाव सांगत नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची नखं वाढून, वळून मांसात रुतली होती. पाण्याचा माठ उंचावर ठेवलेला, कुणाचा हात पोचू नये म्हणून. सारखं पाणी पितात, मग सारखं उठवावं लागतं, असं म्हणाले. आणि तिथल्या व्यवस्थापकांनी मला हार घातला.

स्वामी : अरेरे.

वच्छला : रात्रभर झोप नाही आली मला. म्हणून इथं नखं बघतेय, पाठ बघतेय. आणि मला एक गोष्ट सापडत नाहीये तक्रार करण्यासारखी. तुम्ही आधी काय करत होता?

स्वामी : मंगळवार पेठेत शाळेत कारकून होतो. बहात्तरच्या दुष्काळात माणसं पोट भरायला गावं सोडून गेली की नाही, तेव्हा म्हातारी मागं राहिली. कुणाची देवळात, कुणाची स्टेशनवर. आमच्या विश्वस्तांनी होटगी रस्त्याची ही जागा घेतली नि मला म्हणाले, स्वामी, चार महिने सांभाळा. त्या चार महिन्यांचीच ही एवढी वर्षं झाली बघा.

वच्छला : आणि ती भिंत? पलीकडे काय?

स्वामी : बायकांचा विभाग. आवार वेगळं, न्हाणीघर वेगळं, फाटक वेगळं. स्वयंपाक तेवढा एक. मध्ये दार आहे, त्याला कुलूप असतं. एक किल्ली माझ्याकडं, एक तिकडच्या बसम्माकडं. रविवारी दुपारी ओसरीवर भेटीची वेळ ठेवलेली आहे.

वच्छला : कुणाच्या भेटीची?

स्वामी : नवरा-बायको दोघंही इथं असतील तर. आता तसं कुणी नाही. एक जोडपं होतं.

वच्छला : उत्तम केलंत. खरंच सांगते. कितीतरी ठिकाणी मध्ये साधा पडदा नसतो. बायांना लुगडं बदलायला आडोसा नाही. इतकी नीट व्यवस्था मी पहिल्यांदा बघतेय.

स्वामी : चला, तुमच्या तोंडून ऐकलं, बरं वाटलं. विश्वस्तांना सांगतो.

वच्छला : आता एक करा. तुम्ही थोडा वेळ आत जा. एखाद्याशी तुमच्या माघारी बोलायचंय मला. हाही रिवाजच आहे आमचा.

स्वामी : बोला की. कुणाशी बोलता?

वच्छला : ते कोण, भिंतीला टेकून बसलेत? पांढऱ्या टोपीचे.

स्वामी : ते... ते तिप्पण्णा. शिंपीकाम करायचे. दुसऱ्या कुणाशी बोललात तर... नाही, बोला, बोला. त्यांच्याशीच बोला. मी चहाचं बघतो.

(स्वामी स्वयंपाकघराकडे जातात. वच्छला भिंतीपाशी येते.)

वच्छला : उठू नका, आजोबा. बसा, बसा. मी पण बसते इथंच.

तिप्पण्णा : खाली कुटं बसता, बाई? लुगडं मळंल. थांबा, हे पोतं तरी घ्या.

वच्छला : असू द्या. तुमचं नाव तिप्पण्णा ना? मी सरकारातून आलेय. इथं सगळ्यांची नीट देखभाल होते की नाही ते बघायला.

तिप्पण्णा : होती की. लई चांगली होती.

वच्छला : स्वामी इथं नाहीत. मोकळेपणानं सांगा. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही.

तिप्पण्णा : सांगा की, नाव सांगितलं म्हनून काय झालं? चांगलंच हाय तर चांगलंच म्हननार. जेवन ऊन मिळतंय. अंथरूण स्वच्छ हाय. ह्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, तर स्वामींनी सोता दवाखान्यात नेऊन दाखवून आनलं. पोटच्या पोरानं केलं नसतं.

वच्छला : मुलं आहेत तुम्हाला?

तिप्पण्णा : न्हाईत. पुतन्या हाय, त्याच्याकडंच व्हतो. त्याची बदली झाली गुलबर्ग्याला, एका खोलीत त्याची चार मानसं. आमी म्हनलो, तू जा बाबा, आमचं बघतो आमी.

वच्छला : आमी म्हणजे?

तिप्पण्णा : आमी दोघं. मी आन्‌ घरची.

वच्छला : म्हणजे ते जोडपं तुमचंच. स्वामी म्हणाले मला, एक जोडपं होतं म्हणून.

तिप्पण्णा : व्हय. व्हतं.

वच्छला : कधी गेल्या?

तिप्पण्णा : संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सरली ना, त्याच्यानंतर. थंडीत.

वच्छला : म्हणजे फार दिवस नाही झाले. नाव काय त्यांचं?

तिप्पण्णा : नाव... स्वामी सांगतील की नाव.

वच्छला : बरं, राहू द्या. काय झालं होतं त्यांना?

तिप्पण्णा : छातीत कफ धरला. म्हातारपनी हुतंच. औषध चालू व्हतं, डाक्टर येऊन बघून गेले, सुई दिली. बसम्मा म्हनून बाई हाय तिकडं, तिनं आईवानी केलं तिचं. कुनाचा दोष न्हाय, बाई. तसं काय लिहू नका तुमी.

वच्छला : नाही लिहीत. तुम्ही होता ना जवळ?

तिप्पण्णा : मी? मी हितं व्हतो.

वच्छला : आश्रमातच, हो. पण त्यांच्याजवळ?

तिप्पण्णा : हितं, म्हनजे हितंच. ह्या भिंतीपाशी.

वच्छला : आत नाही गेलात?

तिप्पण्णा : आत कसं जानार? तितं आजारी बायका पडलेल्या असतात. कुनाच्या अंगावर कपडा असतो, नसतो. गडीमानसानं जायचं न्हाई तितं. स्वामी म्हनाले, तिप्पण्णा, तुला सोडलं तर उद्या सगळ्यांनाच सोडावं लागंल. बरोबर हाय त्यांचं. रविवारी ती ओसरीवर यायची, पन आजारी पडल्यावर तिला उठवंना.

वच्छला : मग तुम्ही इथं येऊन बसलात.

तिप्पण्णा : पलीकडं तिची खाट व्हती म्हनं. बसम्मानं सांगितलं, भिंतीला लागूनच हाय. मग मी इकडच्या अंगानं बसायचो. खोकला ऐकू यायचा तिचा.

वच्छला : तिकडं बऱ्याच बाया असतील. त्यांचाच कशावरून?

तिप्पण्णा : काय बोलता, बाई! अख्खा जन्म समोरासमोर बसलो आमी. मी मशीनवर, ती खाली बसून काजं-बटनं करायची. टिळक चौकाच्या मागं दुकान व्हतं, दुकान कसलं, एक फळी. मशीनच्या आवाजात बोलनं ऐकू येत नसायचं, तरी मला कळायचं ती काय म्हनाली ते. लगीन झालं तवा तिला मराठी यायचं न्हाय. तिचं गाव अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, तितं सगळं कन्नड. ती कन्नडमदी बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचो. गिऱ्हाईक हसायचं. तयार कपडं आलं, टेरिकॉट आलं, गिऱ्हाईक गेलं. तरी आमी बसायचोच. शिवायला काय नसलं तरी समोरासमोर बसायचो. आन्‌ मला खोकला वळखू येनार न्हाय?

वच्छला : चुकलं माझं. सांगा तुम्ही.

तिप्पण्णा : तिला पैल्यांदा दोनदा बारीक खोकला यायचा आन्‌ मग एक मोठा. दोन बारीक, एक मोठा. मी हितं बसून ऐकायचो. मोठा आला की वाटायचं, चला, सुटला कफ. बसम्मा दुपारी हिकडं भांडी न्यायला यायची, तिला विचारायचो, काय म्हनती? ती म्हनायची, दुसरं काय म्हनत न्हाय, ‘ऊट आयता’ म्हनून इचारती. म्हनजे जेवन झालं का. कन्नडमदी असंच इचारतात. जीव धाप टाकायला लागलाय आन्‌ मी जेवलो का ते इचारती.

वच्छला : तुम्ही काय उत्तर पाठवायचा?

तिप्पण्णा : जेवलो म्हनून सांग. जेवत नव्हतो. पन सांग म्हनायचो.

वच्छला : तिप्पण्णा, पाणी देऊ का?

तिप्पण्णा : नको. एक दिस काय झालं, खोकला थांबला.

वच्छला : थांबला?

तिप्पण्णा : सकाळी येऊन बसलो तर काईच ऐकू येईना. ऊन डोक्यावर आलं तरी न्हाय. मी म्हनलं, लागू पडलं औषध. झोप लागली तिला. किती दिवसांनी झोपली असंल. मी हिकडं कुनाला मोठ्यानं बोलू दिलं न्हाय. तो बिरदेव बादल्या वाजवत व्हता, त्याला म्हनलं, गप की रे, तिकडं झोपलीया. मग न्हावी आलता, दाढी करून घेतली. म्हनलं, आता रविवारी येईल ओसरीवर, असं खुरट्या तोंडानं कुटं तिच्यासमोर जायचं? जेवायला बसलो. त्या दिवशी मी भाकरी मागून घेतली, बाई. वांग्याची भाजी व्हती. पोटभर जेवलो. लई दिवसांनी.

वच्छला : आणि मग?

तिप्पण्णा : हात धुतले. स्वामी आले. माझ्या हाताला धरलं त्यांनी. तवा मला वाटलं, मला आत न्यायला आलेत, बरी झाली म्हनून.

वच्छला : मग काय म्हणाले ते?

तिप्पण्णा : ती तर सकाळीच गेलती. मी येऊन बसलो त्याच्या आधी. स्वामींनी मला जेवू दिलं आधी. चांगलंच केलं त्यांनी. आधी सांगितलं असतं तर जेवलो असतो का मी?

वच्छला : तुम्हाला राग नाही आला?

तिप्पण्णा : कुनाचा येनार? स्वामींचा? ते तर माझ्यापेक्षा ज्यादा रडले. न्हाय बाई, राग न्हाय. एकच वाटतंय. हाक मारली असती तर.

वच्छला : कुणाला?

तिप्पण्णा : तिला. भिंत काय लई उंच न्हाय. दगडाची बी न्हाय. मोठ्यानं हाक मारली असती तर तिला कळलं असतं मी हितं हाय म्हनून. रोज तोंडाशी यायची. पन चारचौघांत बायकोला हाक कशी मारायची? हितं एवढी मानसं बसलेली. जन्मात कधी नाव घेऊन हाक मारली न्हाय मी. दुकानात नुसतं ‘अगं’ म्हनलं की बास व्हायचं. भिंतीपलीकडं नुसतं ‘अगं’ म्हनून कसं चालंल? पन्नास बायका हाईत तिकडं. लाज वाटली मला. या वयात लाज वाटली, बघा.

वच्छला : बसम्मानं सांगितलं असेल त्यांना. तुम्ही रोज इथं बसता ते.

तिप्पण्णा : सांगितलं असंल.

वच्छला : विचारलं नाहीत तुम्ही तिला?

तिप्पण्णा : न्हाय विचारलं. न्हाय म्हनाली म्हनजे?

स्वामी : बाई, चहा. तिप्पण्णा, तुलाही आणलाय. बशीत ओतू का?

तिप्पण्णा : ठेवा हितं. निवू द्या.

वच्छला : स्वामी, तासाभरापूर्वी मी तुम्हाला काय म्हणाले?

स्वामी : कशाबद्दल?

वच्छला : ही भिंत बघून. उत्तम केलंत म्हणाले. असंच म्हणाले ना?

स्वामी : म्हणजे सांगितलं त्यांनी तुम्हाला.

वच्छला : पाठी बघितल्या मी, डाळ बघितली. उद्या पुण्याला जाऊन सांगितलं असतं, नमुनेदार संस्था आहे म्हणून. यांच्याशी बोलले नसते तर गेलेच असते तशी.

स्वामी : बाई, मला बोला तुम्ही. हक्क आहे तुमचा. पण एक सांगू का? ही भिंत आमच्या मनात नव्हती. पहिल्या वर्षी इथं नुसती मेंदीची कुंपणं होती. ह्यांच्या आधी एक-दोन जोडपी होती, ती एकाच खोलीत राहायची. मान्यतेसाठी अर्ज केला तेव्हा तुमच्याच ऑफिसातून सांगून पाठवलं, स्त्रिया आणि पुरुष यांची स्वतंत्र आवारात सोय पाहिजे, मधलं दार बंद पाहिजे. विश्वस्तांनी सांगितलं, बांधा. बांधली.

वच्छला : माहीत आहे मला ती अट. माझ्या तपासणीतला पहिलाच प्रश्न आहे तो. मी विचारते, स्वतंत्र व्यवस्था आहे का? हो म्हटलं की पुढे जाते. आणि ती अट वाईट नाही, स्वामी, तेच तर आहे. एकट्या बायांचे काय हाल होतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्यासाठीच केलीय ती. फक्त करताना असं कुणाच्या डोक्यात आलं नाही की दोघं मिळून पण येतील.

स्वामी : माझ्या डोक्यात आलं होतं. सोडता आलं असतं मला ह्यांना आत, एक दिवस. बसम्मा म्हणाली होती, चादर धरते आडवी, येऊ द्या म्हाताऱ्याला.

तिप्पण्णा : बसम्मा म्हनाली व्हती? असं?

स्वामी : हो रे.

तिप्पण्णा : मला न्हाय सांगितलं तिनं.

स्वामी : मीच नको म्हणालो, तिप्पण्णा. म्हटलं, बरी होईल चार दिवसांत, येईल ओसरीवर.

तिप्पण्णा : मलाबी तसंच वाटलं व्हतं. तुमाला वाटलं तर त्यात काय.

वच्छला : आता इथं कुणी जोडपं नाही म्हणालात ना?

स्वामी : आता नाही. सोमवारी येणार आहे. करमाळ्याकडचं. आबासाहेब आणि बजाबाई म्हणून. शेतकरी माणसं, मुलगा वारला, सून माहेरी गेली. त्यांची मुलगी येऊन बघून गेली सगळं. तुमच्यासारखंच, डाळीत पळी घालून बघितली तिनं.

वच्छला : तिला सांगितलंत?

स्वामी : तिनंच विचारलं, दोघं एका ठिकाणी राहतील ना? मी म्हटलं, रविवारी भेट असते. तिनं पुन्हा एकदा त्या भिंतीकडं बघितलं. मग म्हणाली, चालेल. काय करणार ती तरी? तिच्या सासरी ठेवून घेणार नाहीत.

वच्छला : ती कोपऱ्यातली खोली कसली? बाहेरून कडी आहे ती.

स्वामी : विश्वस्तांची. कुणी मुक्कामाला आलं तर असावी म्हणून.

वच्छला : कोण कोण राहून गेलं?

स्वामी : मुक्कामाला तसं... कुणी नाही अजून. दिवाळीला झाडून काढतो.

वच्छला : आहे कशी?

स्वामी : चांगली आहे. दोन खाटा मावतात. मागं स्वतंत्र मोरी आहे. बाई, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय ते. पण लिहून द्याल का तसं?

वच्छला : अट बदलायचा अधिकार मला नाही. वर कळवीन मी, नवरा-बायकोंना यातून वगळा म्हणून. भांडेन. ते ऐकतीलच असं नाही.

स्वामी : आणि नाही ऐकलं, दुसरा कुणी तपासणीला आला, आणि म्हणाला, पुरुषांच्या आवारात बाई कशी? मान्यता गेली तर ही एवढी माणसं कुठं नेऊ मी? ज्ञानबाला कोण घेईल?

वच्छला : तसं होऊ शकतं. उगाच धीर देत नाही तुम्हाला.

स्वामी : म्हणजे सगळं माझ्यावरच.

वच्छला : हो. आणि थोडं माझ्यावर. मी ती खोली बघितली, आणि मला त्यात गैर दिसलं नाही, एवढं मी माझ्या सहीनं लिहीन. त्यामुळं माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

स्वामी : लिहू नका, बाई. तुमची नोकरी गेली तर नुसता हार घालून घेऊन जाणारा कुणीतरी येईल इथं. त्यापेक्षा... विश्वस्तांना मी सांगतो की पाहुणे आलेत. पाहुण्यांचीच खोली आहे ती. पाहुणे किती दिवस राहतात ते कुणी विचारत नाही आमच्याकडं.

वच्छला : विचारलं तर?

स्वामी : तर बघू. आईशप्पथ सांगतो, त्या दोघांना त्या दारातून दोन बाजूंना न्यायचं आता माझ्या हातून व्हायचं नाही.

वच्छला : तिप्पण्णा, तुमच्यासाठी काय करू शकते मी? डोळ्याचं ऑपरेशन लवकर करायला सांगू?

तिप्पण्णा : डोळ्याचं होईल सावकाश. बघायला काय घाई न्हाय आता.

स्वामी : तिप्पण्णा, तुला एकदा आत नेऊ का? आता बसम्मा बायकांना पलीकडच्या पडवीत बसवील. तिची जागा बघून येशील. आपण आताच जाऊ, बाईंच्या समोर.

तिप्पण्णा : नको, स्वामी.

स्वामी : कुणी काही म्हणणार नाही.

तिप्पण्णा : म्हननार न्हाय, ते कळतंय मला. पन मी मनात धरून चाललोय, तिची खाट खिडकीपाशी व्हती. वारा येत व्हता तितं. बाहेर एक लिंबाचं झाड हाय. आता जाऊन बघितलं आन्‌ तसं नसलं, तर मग काय करू?

स्वामी : खिडकीपाशीच होती.

तिप्पण्णा : व्हय?

स्वामी : हो. झाडही दिसतं तिथून.

तिप्पण्णा : मग बरं झालं.

वच्छला : स्वामी, मी निघते. बायकांचा विभाग बघायचा राहिलाय अजून, तिकडून बाहेर पडते. बसम्माला भेटायचंय मला. सोमवारी मी इथं नसेन, पण त्या दोघांना माझा नमस्कार सांगा.

स्वामी : सांगतो. त्यांना हे पण सांगीन, की ही खोली कुणामुळं मिळाली. ह्या तिप्पण्णाचं नाव सांगीन, आणि तिचं, शिवबाईचं.

तिप्पण्णा : नको, स्वामी. तेवढं करू नका.

स्वामी : का रे? कळू दे की त्यांना.

तिप्पण्णा : दमून आलेली असतील बिचारी. घर सोडून येतात, जीव थाऱ्यावर नसतो. मग खोलीत बसून तेच इचार करत बसतील. रात्री एक खोकला तर दुसरा दचकंल. त्यास्नी काय बी सांगू नका. त्यास्नी वाटू द्या, हितं पैल्यापासनं असंच असतंय.